अक्कलदाढ

वाघोटणच्या खाडीत, ओहोटीला मुळे काढायला गेलेल्या बायकांना
कांदळाच्या चिखलात पाय टेकताना लागलं ते.
हवालदारानं खताच्या दोन गोण्यांत भरून आणलं.
देवगडच्या शवागाराला टेबल एकच,
म्हणून मागच्या व्हरांड्यात जुनी वर्तमानपत्रं पसरली.
सावलीतच. उन्हानं उरलंसुरलंही जातं.

बोटीवरचे बेपत्ता: तीन.
डाव्या मांड्या: दोन.

डावीच मोजायची, मी नवीन आलेल्या तळेकरला सांगते.
एकदा डावी ठरली की सगळ्यांची डावी,
नाहीतर एकाच माणसाची दोन पाकिटं होतात
आणि लॅब एकच मरण दोनदा कळवते.

मऊ हाडं पाण्यानं केव्हाच चाखलीत.
बरगडी चिमटीत चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी.
मांडीच्या मधोमध मात्र अजून खणखणीत.
तिथून अर्ध्या काडेपेटीएवढा तुकडा,
करवत सावकाश, थांबत थांबत,
हाड तापलं की विसरतं.
फॉर्मालिन नको. ब्लीच नको. प्लॅस्टिक तर नकोच,
कागदाचं पाकीट, कोरडं.
मास्क वर घे, तळेकर.
तू शिंकलास तर उद्या अहवालात
तूच बुडालेला असशील.

फाटकाशी दोघी, पहिल्या एसटीनं आलेल्या.
भागीरथी जुवाटकर उठून जाळीपर्यंत येते:
'डॉक्टरनीबाय, माझ्या झिलाचो फुडचो दात अर्धोच आसा.
सोड्याची बाटली दातान उघडूक गेल्लो.
तो बघा आदी.'
आणि अंगठ्याच्या नखावर रेघ ओढून दाखवते, केवढा.

मी बघते.
दोन्ही जबड्यांत पुढे नुसती भोकं.
एका मुळाचे दात पहिले निसटतात.
तिला ओळखू येणारा तेवढा एक दात
आता तिसऱ्यांच्या शिंपांमध्ये कुठेतरी,
कुणाच्या तरी टोपलीत जाऊन परतही पडला असेल.

मागे, अगदी मागे, हाडात अर्धी रुतलेली
एक अक्कलदाढ.
कीड नाही, चीर नाही, मुळं शाबूत.
तिनं कधी घास चावला नाही,
कुणाला हसताना दिसली नाही,
आईलाही ठाऊक नाही की त्याला ती येत होती.
एखाद्या रात्री गाल धरून बसला असेल, तेवढंच.
हीच, मी म्हणते. तळेकर नंबर घालतो.

मग दोघींच्या गालांच्या आतून कापूस फिरवला.
भागीरथीनं विचारलं नाही, दात मिळाला का.
खैरून सोलकरनं तोंड पुसलं, ओढणी सारखी केली
आणि अगदी हळू म्हणाली:
यातला एक मातीत जायचा, एक आगीत.
तुमचा हात चुकला तर?
म्हणून तर, मी म्हटलं, आणि पुढचं वाक्य सापडेना.

दोन मांड्या, दोन आया. त्यांचा हिशेब बसला होता.
तो मोडायला माझी जीभ उचलेना.
कारण तिसरा खलाशी होता.
मालक त्याला बहादूर म्हणायचा,
त्याच्या आधीच्यालाही बहादूरच.
गाव? नेपाळात कुठंतरी. मोबाइल त्याच्याबरोबरच गेला.
या दोन मांड्यांतली एक त्याची असू शकते,
मग या दोघींतल्या एकीला कुणी सांगायचं,
बाई, तुमचा अजून पाण्यात आहे.

गोणीच्या तळाशी एक सुटं कानशिलाचं हाड निघालं.
कानाच्या आतला तो गड्डा, सगळ्यात टणक,
सगळं गेल्यावरही राहणारा.
कुणाचं, ते बघून सांगता येत नाही.
वेगळ्या पाकिटात घातलं.
समुद्राची सवय नसलेल्या कुणी
यातून रात्रभर लाटा ऐकल्या असतील, किंवा नसतील.

फॉर्मवर रकाना आहे:
संदर्भ नमुना कोणाचा. आई, वडील, मूल.
पहिल्या दोन ओळी भरल्या.
तिसरीवर तळेकरनं पेन टेकवून माझ्याकडे पाहिलं.
रेघ मारू?
नको, म्हटलं. कोरी ठेव.